जिनिंगमध्ये काम केलेल्या वडिलांची पीएफटी (नळीत फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची चाचणी) आहे, तिथे नेमकं काय करतात?

धरणगावची लेक (१२ फेब्रुवारी २०२४)

माझे वडील, आम्ही नाना म्हणतो, ५० वर्षांचे आहेत. दिवाळी झाली की जिनिंग सुरू, होळीपर्यंत तिकडे, आणि बाकीचे महिने दुसऱ्याच्या शेतात, असं वीसेक वर्षं चाललं. आधी रेच्यात (कापसातून सरकी वेगळी करायच्या यंत्रात) कापूस लोटायचे, नंतर रुई प्रेसकडे न्यायचे. तोंडाला टॉवेल बांधायचा, संरक्षण म्हणून तेवढंच.

आता दम लागतो. सुरुवातीला फक्त सीझनच्या पहिल्या आठवड्यात छाती आवळल्यासारखी व्हायची. सुट्टी घेऊन परत गेले की पहिल्या दिवशी जास्त, मग कमी. पुढे ते बारा महिने राहायला लागलं. यंदा मुकादमाने गेटवरच सांगितलं, "नाना, तुम्ही आता घरीच बसा."

आधी आम्ही अपंग प्रमाणपत्रासाठी गेलो. फुफ्फुसाचा आजार यात बसत नाही म्हणाले. आता एका वकिलांनी कर्मचारी भरपाई कायद्याखाली अर्ज करायला सांगितलंय. त्यासाठी पीएफटी करायची आणि कमाईची क्षमता किती टक्के गेली ते डॉक्टरांकडून लिहून आणायचं. पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे.

शेजारचे सगळे सांगतात की नळीत हळू फुंकायचं, म्हणजे टक्के जास्त मिळतात. नाना म्हणतात, "माले दम लागस, ते मशीन काय सांगी?" एक्स-रे नॉर्मल आलाय, त्यामुळे आई घाबरली आहे. पीएफटीही नॉर्मल आली तर सगळं संपलं का? त्या दिवशी श्वासाचा पंप (इनहेलर) घ्यायचा की नाही? आणि नाना बिडी ओढायचे, ते सांगावं का? कोणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

तापीकाठ

प्रमाणपत्राचं तुम्हाला खरं तेच सांगितलंय. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. सिकलसेल आहे (आमच्या नंदुरबारकडे ते कार्ड पुष्कळांकडे सापडेल), थॅलेसेमिया आहे, पार्किन्सन आहे. दमा, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात तो आजार) नाही. त्या रांगेत परत उभं राहू नका.

संजय गांधी निराधारची चौकशी तहसीलला करून ठेवा. सध्या, २०२४ ला, महिना दीड हजार मिळतात. वय ६५ च्या आत आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत लागतं. दुर्धर आजारात क्षय, कर्करोग, पक्षाघात अशी नावं आहेत, दम्याचं नाही, म्हणून डॉक्टरांचा दाखला मजबूत हवा. नानांचं ईएसआय (कामगार विमा) कार्ड आहे का?

धरणगावची लेक

नाही. कार्ड कधी दिलंच नाही. मालक म्हणतो जिनिंगला लागू होत नाही.

ब्लोरूमवाले आप्पा

ताई, मी धुळे जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत ब्लोरूमला होतो. गाठी फोडायच्या आणि मशीनला लावायच्या. जिनिंगमधली धूळ तुमच्या नानांनी खाल्ली, उरलेली गाठीत बांधून आमच्याकडे आली, ती मी खाल्ली. आम्हाला ईएसआय होता म्हणून माझं प्रकरण त्यांच्या मेडिकल बोर्डापुढे गेलं. तुमचा रस्ता वेगळा आहे, पण फुंकायची नळी तीच.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या या आजाराचं नाव बिसिनोसिस. कागदावर ते नाव यायला माझा फार वेळ गेला. जो तो डॉक्टर "दमा" लिहून मोकळा व्हायचा, आणि नुसता दमा लिहिला की समोरचा म्हणतो, तो तर कोणालाही होतो. आमच्या खात्यात रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती धरायची. मंगळवारी कमी, शनिवारपर्यंत विसरही पडायचा. सगळ्या खात्याला हे ठाऊक होतं, डॉक्टरला मात्र कोणी सांगितलं नव्हतं. मला एका तरुण डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "कोणत्या वारी जास्त होतं?" तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. तुम्ही ते विचारण्याआधीच लिहून टाकलंय, सीझनचा पहिला आठवडा आणि सुट्टीनंतरचा पहिला दिवस. हे केसपेपरवर उतरलंच पाहिजे. तोंडी सांगून उठू नका, डॉक्टरांनी लिहिलं का ते बघा, नसेल तर गोड बोलून लिहून घ्या.

एक्स-रेचं मनावर घेऊ नका. दगड-वाळूच्या धुळीने सिलिकोसिस झाला तर फोटोत गाठी दिसतात. कापसाच्या धुळीच्या आजाराची अशी ठरलेली खूण एक्स-रेवर नसते. साफ फोटो पाहून "काही नाही" म्हणणारे भेटतील, त्यांच्यासाठीच पीएफटी आहे.

आता हळू फुंकायचं. मला हे चहाच्या टपरीपासून बोर्डाच्या दारापर्यंत सगळ्यांनी शिकवलं होतं. माझ्या बरोबर आमच्याच गिरणीचा एक जण होता, कार्डिंगचा, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यातला. त्याची छाती माझ्याहून खराब, जिना चढताना मी त्याच्यासाठी थांबायचो. त्याने ऐकलं आणि हळू फुंकलं. प्रत्येक फुंकरीचा आलेख वेगळा आला. रिपोर्टखाली शेरा पडला की रुग्णाचं सहकार्य अपुरं. बोर्डाने वरचे आकडे पाहिलेच नाहीत, तो शेरा वाचला आणि फाइल बाजूला ठेवली. खरा आजारी माणूस खोटा ठरला. नानांना सांगा, जीव तोडून फुंका. छाती खराब असेल तर जीव तोडूनही आकडा कमीच येतो, आणि तो कमी आकडा मग कोणाला खोडता येत नाही.

आत काय होतं ते सांगतो. स्टुलावर ताठ बसवतात, नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. पोरगा ओरडतो, "भरा, भरा, अजून भरा, सोडा! सोडा सोडा सोडा सोडा, थांबू नका!" पहिल्यांदा मला वाटलं हा माझ्यावर चिडलाय. त्याचं कामच ते आहे. हवा संपली असं वाटल्यावरही तो सोडा म्हणतच राहतो, तेव्हा डोळ्यापुढे अंधारी येते, खोकल्याची उबळ येते. मध्ये बसू देतात. अहिराणीत सांगायचं तर "फुक, आखो फुक, आखो फुक" एवढाच मंत्र.

आणखी एक, ज्याकडे कोणी लक्ष देत नाही. उंची. मशीन तुमचा आकडा वय, उंची आणि बाई की पुरुष यावरून काढलेल्या अपेक्षित आकड्याशी ताडून टक्का काढतं. मी पहिली पीएफटी केली तिथल्या माणसाने उंची मोजली नाही, नुसती विचारली. मी तरुणपणीची सांगितली. बोर्डाने चप्पल काढायला लावून मोजली तर चांगली दीड-दोन इंच कमी भरली, वयाने माणूस वाकतो. उंची कमी म्हणजे अपेक्षित आकडा कमी, म्हणजे माझा टक्का वाढला. कागदावर मी बसल्या जागी थोडा बरा झालो! दोन रिपोर्टमध्ये फरक का, यावर तिथे बरीच चर्चा झाली. पहिल्याच वेळी चप्पल काढून मोजायला लावा.

पीएफटीत ५४ टक्के आले म्हणजे उरलेलं ४६ टक्के अपंगत्व, असं गणित नसतं. मीही घरून तेच करून गेलो होतो, सगळेच करतात. बोर्डाने विचारलं, किती वजन उचलता, किती चालल्यावर थांबता, रात्री उशा किती लागतात, दुसरं कोणतं काम जमेल. बोटाला ऑक्सिजनची चिमटी लावून लांब व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं. मध्ये थांबलं तर चालतं, पण त्यांचं घड्याळ थांबत नाही. माझा ऑक्सिजन ९६ वरून ८९ वर आला आणि खोलीतला सूर बदलला. फुंकण्यात मी जे दाखवू शकलो नव्हतो ते त्या व्हरांड्याने दाखवलं, असं माझं मत आहे. तुमच्या डॉक्टरांना ही सहा मिनिटांची चाचणी लिहून द्यायला सांगा.

कमाईची क्षमता गेल्याचे मला ३० टक्के मिळाले. रोजाच्या ९० टक्के रकमेवर ते ३० टक्के लागतात. माझा सरासरी रोज ३८० धरला, त्याचे ३४२, त्यातले दिवसाला १०२ रुपये आणि काही पैसे. महिन्याला तीन हजारांच्या वर. पंपाचा आणि गोळ्यांचा खर्च निघतो, नातीची वह्यापुस्तकं निघतात. मला ३० कमी वाटले. तीन महिन्यांच्या आत अपील करता येत होतं. केलं नाही, मुंबईच्या चकरांना माझ्यात दम नव्हता, अक्षरशः.

बिडीचं सांगा. बोटं पिवळी दिसतात, लपवून काय करणार? किती ओढायचे, कधी सोडली, सगळं सांगा. मीही ओढायचो. विचारलं तेव्हा म्हणालो, बिडी सोमवारी आणि शनिवारी सारखीच ओढायचो साहेब, छाती मात्र सोमवारीच धरायची. त्यांनी ते लिहून घेतलं.

फुंकर मोजणारा

मी जळगावात एका खासगी लॅबमध्ये पीएफटी करतो, ओरडणारा पोरगा म्हणजे मीच समजा. आप्पांनी छान लिहिलंय, थोडी भर घालतो.

पंपाचं आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. साधारण नियम असा: साल्ब्युटामॉलसारखा लगेच आराम देणारा पंप चार ते सहा तास आधीपासून घेत नाहीत, सकाळ-संध्याकाळचा लांब असर असलेला पंप २४ तास, टायोट्रोपियम असेल तर ३६ ते ४८ तास. पण दम जास्त असेल तर हट्टाने बंद ठेवू नका. घ्यावा लागला तर घ्या आणि किती वाजता घेतला ते मला सांगा, मी रिपोर्टवर लिहितो. पंप खिशात असू द्या. पोटभर जेवून येऊ नका, कमरेचा करगोटा किंवा पट्टा घट्ट नको, त्या सकाळी बिडी नको. कवळी नीट बसत असेल तर राहू द्या, ओठ घट्ट मिटायला मदत होते.

हल्लीच हार्ट अटॅक आला असेल, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, थुंकीतून रक्त पडत असेल तर फुंकण्याआधी सांगायचं. आणि थुंकीचा टीबीचा रिपोर्ट बरोबर आणा. आपल्या भागात जुना टीबी होऊन गेलेले फार येतात, त्यानेही फुफ्फुस आखडतं, आणि भरपाईच्या प्रकरणात समोरचा वकील तेच विचारतो.

हळू फुंकणारा मला पहिल्या फुंकरीत कळतो. खऱ्या जोराने फुंकलं की आलेख सुरुवातीलाच सरळ वर टोकदार जातो आणि मग उतरतो. चोरून फुंकणाऱ्याचं टोक बोथट येतं. आजारी छातीचा आलेखही सुरुवातीला टोकदारच असतो, नंतर मात्र आत खोल वाकतो. शिवाय तीन चांगल्या फुंकरी लागतात आणि त्यातल्या वरच्या दोघींत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. खोटं तीनदा सारखं फुंकून दाखवणं फार अवघड. आठ वेळा करूनही जुळलं नाही तर मी थांबवतो आणि शेरा लिहितो, लिहावाच लागतो.

नंतर पंपाचे चार दाब देऊन १५ मिनिटं बसवतो आणि परत फुंकायला लावतो. त्यातून दमा की कायमचा अडथळा याचा अंदाज डॉक्टर बांधतात. पाठीला बाक असेल तर उंचीऐवजी दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांपर्यंतचं माप घेतात, तसं करायला सांगा. आणि नुसते आकडे घेऊन जाऊ नका, आलेखाचं पान मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी न मागता देत नाहीत.

डीएलसीओ नावाची आणखी एक चाचणी असते, फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ते बघायची. सगळीकडे होत नाही. सांगितली तर आधी हिमोग्लोबिन करून घ्या, ते कमी असलं की हा आकडाही खाली येतो.

युनियनचा जुना माणूस

मालक या वेळी खरं बोलला. १९४८ च्या ईएसआय कायद्यात हंगामी कारखाने वगळलेत आणि त्या व्याख्येत कापूस जिनिंगचं नाव सरळ आहे. खान्देशातली निम्मी धूळ कायद्याच्या बाहेर ठेवली असं मी सभांमधून बोलायचो. पण आज, २०२४ ला, लागू असलेला १९२३ चा भरपाई कायदा त्यांना सुटलेला नाही. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, भाग क मध्ये, कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार लिहिलेला आहे. त्या भागातल्या आजारात अनेक मालकांकडे काम झालं असेल तर जबाबदारी सगळ्यांवर वाटून टाकता येते. नानांनी एकापेक्षा जास्त जिनिंगवर काम केलं असेलच, सगळी नावं आठवून लिहा.

हिशेब असा असतो: पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक, गुणिले कमाईची क्षमता गेल्याचा टक्का. ५० वयाला गुणक १५३.०९ आहे. पगार १२ हजार धरला तर ७,२०० गुणिले १५३.०९ म्हणजे ११ लाख २ हजारांच्या वर, आणि डॉक्टरांनी ४० टक्के लिहिलं तर साधारण ४ लाख ४० हजार. म्हणून मालकाचा वकील त्या टक्क्यावरच भांडतो. डॉक्टरांकडून नुसता आकडा घेऊ नका, कोणतं काम आता होत नाही ते खाली लिहून घ्या. दाव्याला मुदत २ वर्षांची, काम सुटल्याची तारीख वकिलांना नक्की सांगा.

धरणगावची लेक (२४ फेब्रुवारी)

सगळ्यांचे आभार. पीएफटी झाली. नाना पहिल्या फुंकरीला घाबरले, मग जोर लावला. उंची मोजायला मी सांगितलं तेव्हा तिथल्या बाई हसल्या, पण चप्पल काढून १६५ सेंटिमीटर मोजली. रिपोर्ट असा आहे: एफव्हीसी (पूर्ण फुंकरीत बाहेर आलेली हवा) २.३५ लिटर, ७१ टक्के. एफईव्ही वन (त्यातली पहिल्या सेकंदातली) १.३८ लिटर, ५२ टक्के. दोन्हींचं गुणोत्तर ५९. पंपानंतर एफईव्ही वन १.४६ झालं. शेरा "सहकार्य चांगले". डॉक्टरांनी मध्यम अडथळा म्हटलं आणि केसपेपरवर सुट्टीनंतरच्या दिवसाचं लिहिलं. सहा मिनिटांची चाचणी गुरुवारी आहे.

बिडीचं नानांनी स्वतःच सांगून टाकलं, मला बोलायची वेळच आली नाही.

आता नवीन अडचण. मालक म्हणतो हा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच. हजेरीचं कार्ड नाही, पगार रोख मिळायचा.

फुंकर मोजणारा

पंपानंतर ८० मिली वाढलं, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. हे कमी आहे, पंपाने सुटणारा दमा असता तर सहसा जास्त वाढलं असतं. डॉक्टरांना याचा अर्थ दाखल्यात लिहायला सांगा. आणि पुढच्या सीझनला एखादा कामगार अजून कामावर असेल आणि त्याला हाच त्रास असेल, तर त्याची सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी शिफ्टच्या आधी आणि नंतर अशी दोनदा पीएफटी करून बघा. एकाच दिवसात आकडा पडलेला दिसला तर फार बोलका पुरावा होतो. नानांसाठी ती वेळ गेली.

ब्लोरूमवाले आप्पा

रिपोर्ट पक्का आहे, त्याची काळजी सोडा. आता छातीचं नाही, हजेरीचं भांडण आहे. पीएफ कधी कापला होता का ते बघा. जिनिंगला ईएसआय नसला तरी पीएफ पुष्कळ ठिकाणी कापतात आणि पासबुकात कारखान्याचं नाव येतं. नानांच्या जुन्या मोबाईल नंबरवर मेसेज आलेले असतील. बरोबरीचे दोघे-तिघे कामगार शपथपत्र देतील का ते विचारा, शक्यतो आता तिथे कामाला नसलेले, नाहीतर मुकादम त्यांना दम देईल. कापूस घेऊन येणारे शेतकरीही नानांना ओळखत असतील, तेही साक्षीला चालतात. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती सांभाळा.

धरणगावची लेक

पीएफचं डोक्यातच नव्हतं आप्पा. नानांच्या पेटीत एका जिनिंगचा यूएएन (पीएफचा नंबर) लिहिलेला कागद सापडला, पासबुकात तीन सीझनची भरती दिसते, कारखान्याच्या नावासकट. दुसऱ्या जिनिंगचं काही नाही. सोबतचे दोन काका शपथपत्राला तयार आहेत, एक एरंडोलचे, एक पाळधीचे. गुरुवारची चाचणी झाली की सगळं घेऊन वकिलांकडे जाते. सहा मिनिटांत नाना किती चालले ते इथे टाकेन.